घरचा घास

ताईने डाव्या कानाची पाळी ओढली. एवढंच. जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या समितीतल्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. बायका कानाला हात लावतात, डूल बोचत असेल, केस अडकला असेल. पण मी तिचा सख्खा भाऊ आहे, आणि ताईच्या अंगात काही बिघडायला लागलं की त्याची पहिली वर्दी कान देतो हे आता या जगात फक्त मला ठाऊक आहे. आधी कान. मग ती बंद ओठांच्या आत जिभेने टाळू खाजवते, टक् टक् असा बारीक आवाज येतो. मग खालचा ओठ. त्यापुढचं मला आठवायचं नव्हतं. माझा चमचा तोंडापाशी आलेला होता, तो मी तसाच आत घातला आणि चावत राहिलो. माझा घेवडा. अर्ध्या आयुष्याची कमाई. मऊ शिजलेला, किंचित गोडसर, आणि त्या क्षणी ढेकूळ चावल्यासारखा लागत होता. मनात म्हटलं, डूलच बोचत असेल. बोचू दे.

आमच्या संस्थेत एक रीत आहे. कुणी नवं वाण तयार केलं आणि ते सगळ्या चाळण्यांतून पार पडलं, की शेवटच्या बैठकीला त्याने आपल्या घरचं माणूस आणायचं, आणि त्या माणसाने समितीच्या देखत ते पोटभर खायचं. याला आम्ही 'घरचा घास' म्हणतो. कायद्यात हे कुठेही नाही. पहिल्या संचालकांनी म्हणे भर बैठकीत आपल्या बायकोला बटाटा भरवला होता, तेव्हापासून ही रीत पडली. घास झाला की अध्यक्ष सही करतात आणि बियाणं सुटतं. बाकीचे लोक आपापल्या धडधाकट बायका आणतात, ज्यांना खडे खाल्ले तरी पचतील. मी ताईला आणलं. अक्रोडाचा कण पोटात गेला तर जिचा घसा आवळतो, त्या बाईला मी अक्रोडाचं जनुक घातलेला घेवडा खायला बसवलं. हीच माझी हुकमाची राणी होती. हिने खाल्लं आणि हसत उठली, की मग जगात कोण तोंड उघडणार होतं? ही कल्पना मला सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "तू सांगतोयस ना बारक्या? मग झालं." माझे केस पांढरे झाले, तरी मी बारक्याच.

आणि घेवडा वाईट नाही हो. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं. पाऊस नसलेल्या उघड्या टेकड्यांवर दुसरं काही उगवत नाही, तिथे आया पोरांचं दूध तोडतात ते घेवड्याच्या पातळ पिठावर. साध्या घेवड्यात सगळं आहे, एक घटक सोडून, आणि तो एक नसला की पोरांच्या काड्या होतात, पोटं तेवढी नगाऱ्यासारखी. ती पोरं मी पाहिलीत. एकीने माझं बोट धरलं होतं आणि सोडायलाच तयार नव्हती, तिच्या पकडीत जोर नव्हता तरी. तो एक घटक अक्रोडात भरपूर आहे. अक्रोडाच्या ज्या टोकामुळे ताईसारख्यांची अंगं बिथरतात ते टोक आम्ही छाटलं, उरलेलं घेवड्यात बसवलं. चाचणीच्या शेतांशेजारच्या वस्तीतली पोरं वर्षभरात भरली, गालांवर मांस आलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. अक्रोड न सोसणाऱ्या लोकांचं रक्त आणून तपासलं, त्यात ताईचंही होतं. सगळं स्वच्छ. समितीत एक डॉक्टर होते, सुकलेल्या चेहऱ्याचे, त्यांना आम्ही पाठीमागे शंकेखोर म्हणायचो. ते एकदा म्हणाले, "तुम्ही रक्त तपासलंत ते बाटलीत बनवलेल्या प्रथिनावर. दाण्यात बनलेल्या प्रथिनावर का नाही?" मी म्हटलं, "डॉक्टर, गाईचं दूध तांब्यात काय आणि पेल्यात काय, दूध ते दूध." सगळे हसले. शंकेखोरही हसले. मला टाळ्या आवडतात, नाही असं नाही.

टक् टक्. मी मान वर केली नाही. शेजारी अध्यक्षबाई आपल्या नातवाच्या दातांबद्दल काही सांगत होत्या आणि ताई हसून मान डोलवत होती. तिच्या खुर्चीला पर्स लटकलेली नव्हती, कारण पर्स मी सकाळी गाडीतच ठेवायला लावली होती. त्या पर्समध्ये तिचं इंजेक्शनचं पेन असतं. मांडीत टोचायचं, घसा आवळायला लागला की लगेच, बघत बसायचं नाही. ते पेन घेतल्याशिवाय ताई दारातल्या कचरापेटीपर्यंतसुद्धा जात नाही. पण समितीसमोर ताटाशेजारी पेन म्हणजे आमचाच आमच्या घेवड्यावर भरवसा नाही असं दिसलं असतं. "मग ते तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली आणि पेन माझ्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवून वरून थोपटलं, शाळेत जाताना रुमाल ठेवायची तसं. आता ते माझ्या बरगडीला टेकत होतं. हात घातला असता तर मिळालं असतं. मी हात घातला नाही. हात घातला की सगळे विचारणार, काय झालं. आणि काय झालं हे मलाच कुठे ठाऊक होतं? एक कान आणि एक टाळू, यावर काय एवढ्या वर्षांवर पाणी सोडायचं? समोरून शंकेखोर माझ्याकडे बघत म्हणाले, "आज भूक नाही वाटतं? की खाई त्याला खवखवे?" सगळे खळखळून हसले. मीही हसलो. ताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

तशी ती एकदाच माझ्याकडे बघत होती, पूर्वी, आमच्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात. आईचं मत होतं की ताईला काही होत नाही, ती नाटकं करते. आमची आई वाईट बाई नव्हती, पण तिला फसवलं जाण्याची भारी चीड होती. "अक्रोडाने म्हणे हिचा घसा धरतो. महाराणी! उद्या म्हणेल, भांडी घासून हात धरतो." म्हणून तिने बिस्किटांच्या पिठात अक्रोड कुटून घातला, अगदी पिठासारखा बारीक, कळू नये असा, आणि बशी ताईसमोर ठेवून स्वतः विणकाम घेऊन समोर बसली. मी दारात उभा होतो. मलाही एक बिस्कीट मिळालं होतं, खुसखुशीत, फार छान झालं होतं. ताईने दोन खाल्ली आणि कान ओढला. मग टक् टक्. मग तिचा ओठ फुगायला लागला आणि ती माझ्याकडे बघायला लागली. आईकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, "आई, ताईला बघ ना." आई सुया न थांबवता म्हणाली, "थांब जरा. बघू किती वेळ करते." आणि आम्ही बघितलं. शेवटी ताई खुर्चीवरून घसरली तेव्हा सुया थांबल्या. शेजारच्या ड्रायव्हरने तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं म्हणून ती वाचली. आईने माफी कधी मागितली नाही, मरेपर्यंत एकच पालुपद, "मला काय माहीत?" ताईही कधी काही बोलली नाही. फक्त त्या दिवसानंतर तिने आईच्या हातून काही घेतलं नाही. ताट स्वतः वाढून घ्यायची, पाणीसुद्धा स्वतः ओतून घ्यायची; आईने भरलेला पेला तसाच राहायचा, आई तो मुकाट्याने मोरीत रिकामा करायची. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं ताईनेच केलं, हगणं-मुतणं सगळं, पण तिच्या हातचा घोट नाही तो नाहीच. माझ्या हातचं मात्र ती डोळे झाकून खायची. अंडं करपवलं, भात कच्चा ठेवला, तरी खायची. ही गोष्ट मी मुलाखतींतून बरेचदा सांगितली आहे, बहिणीच्या आजारातून मला संशोधनाची प्रेरणा कशी मिळाली ती. ड्रायव्हरपाशी आलो की थोडं थांबतो. लोकांचे डोळे पाणावतात. सुयांचं सांगत नाही.

ओठ. खालच्या ओठाची डावी कड जराशी जाड झाली होती. आणि बघा, माणसाचं डोकं कसं हरामखोर असतं. ज्या डोक्याने त्या वेळी 'पेन' एवढंच म्हणायचं, ते डोकं म्हणालं, हे दाण्यात घडलं असणार. बाटलीत प्रथिन नागडं असतं. दाण्यात घेवड्याने त्याला आपल्या पदरची साखर चिकटवली असेल, शिजताना त्याची घडी फिरली असेल, आणि छाटलेल्या टोकाच्या जागी दुसरंच काही वर आलं असेल, जे ताईच्या अंगाने ओळखलं. म्हणजे शंकेखोराचं बरोबर. म्हणजे तांब्यातलं दूध आणि पेल्यातलं दूध एक नाही. बोंबला. मग वाटलं, नाही, दुसरंही असू शकतं. स्वयंपाकघरात काही मिसळलं असेल, अक्रोडाच्या तेलाचा हात लागला असेल, आचाऱ्याने कालच्या केकचा चमचा वापरला असेल. हे आधी तपासायला हवं. घाईने निष्कर्ष काढायचा नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी रुमालाने तोंड पुसलं, "आलोच" म्हणालो आणि उठलो. बहिणीकडे गेलो नाही. स्वयंपाकघरात गेलो.

आचारी ओट्यापाशी पातेलं घासत होता. "यात काय घातलं होतं?" मी विचारलं. "साहेब, पाणी आणि मीठ. तुम्हीच तर बजावलं होतं." "तेल?" "थेंब नाही." "चमचा दुसऱ्या कशात बुडाला असेल." "अहो, आज दुसरं काही शिजलंच नाही इथे. पातेलंसुद्धा कोरं काढलं." त्याने ओले हात पंच्याला पुसले. "बिघडलंय का काही?" "छे, छान झालंय," मी म्हटलं. मी कपाट उघडलं, डबे हुंगले, झाकणं लावली. काही नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला बरं वाटलं. आता उत्तर एकच उरलं होतं आणि ते स्वच्छ होतं. प्रयोग नीट बसला की जे बरं वाटतं ते. तिकडे भिंतीपलीकडे माझी बहीण त्या प्रयोगात बसली होती. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, तेव्हा नाही.

परत आलो तर ताईचं ताट पुन्हा भरलेलं. "तुमच्या ताईंनी स्वतःहून मागून घेतलं, बरं का!" अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या. "असा घरचा घास आम्ही पाहिला नाही." ताई एकेक चमचा सावकाश तोंडात घालत होती. गिळताना तिला मान किंचित पुढे करावी लागत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, सरळ, पापणी न हलवता. मला सांभाळून घेतेय, माझ्या मनात आलं. मला न्हाऊ घालणारी, आईला वेळ नसला की शाळेत पालक म्हणून येणारी, माझ्या मारामाऱ्या स्वतःच्या अंगावर घेणारी माझी ताई, आज माझ्यासाठी हेही गिळतेय. डोळे भरून आले माझे. अशी बहीण जन्मोजन्मी मिळावी. आणि असं सद्गदित होऊन मी खुर्ची ओढली आणि बसलो. लोक मूग गिळून गप्प बसतात. मी माझा घेवडा गिळून बसलो.

"मग ताई, कसा काय वाटला?" बाईंनी पेनाचं टोपण काढता काढता विचारलं. ताईने पाण्याचा घोट घेतला. आवाज खरखरीत आला, सर्दी झाल्यासारखा. "मीठ कमी आहे." हशा पिकला. तिने हात वर करून तो थांबवला. "बाकीचं बारक्याला विचारा. मला काय होतंय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं." सगळे माझ्याकडे वळले. शंकेखोर चष्मा वर करून वळले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. बोलायला एक वाक्य पुरलं असतं, वाक्यसुद्धा नाही, कोटात हात घातला असता तरी पुरलं असतं. मी उभा राहिलो. ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि तेही मी चुकीचंच वाचलं. मी म्हणालो, "मीठ पुढच्या वाणात घालू." असा हशा त्या खोलीत कधी झाला नसेल. बाई हसत हसत खाली वाकल्या आणि त्यांनी सही केली. ताईने चमचा ताटात ठेवला.

"हिला जरा हवा खाऊ दे," असं म्हणत मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, दार लावून घेतलं, आणि ओळीने टांगलेल्या कोटांच्या आड तिच्या मांडीत पेन खुपसलं, साडीवरूनच. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. मी तिला जवळजवळ उचलूनच गाडीपर्यंत नेलं आणि रस्ताभर बोलत राहिलो, "झालं, ताई, झालं, आता पोचलोच," आणि ती खिडकीला डोकं टेकून समोर बघत होती. इस्पितळात तिला आडवं केलं, नळ्या लावल्या, हातात सुई टोचली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं यांनी?" ताईच्या तोंडावर मास्क होता. मी म्हणालो, "बाहेर काहीतरी खाल्लं. अक्रोड असावा त्यात." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला थोडं रागावल्या, घरच्यांनी लक्ष नको का द्यायला म्हणून. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बरोबर होतं त्यांचं.

संध्याकाळ होता होता ताईचा चेहरा उतरला, म्हणजे परत तिचा झाला. मास्क काढला. खाटेच्या दोन्ही बाजूंना छोटी स्टुलं होती, दोन्हींवर पाण्याचा जग आणि पेला. मी एका बाजूला खुर्ची घेऊन बसलो होतो, तिची पर्स मांडीवर धरून. ती छताकडे बघत म्हणाली, "बाहेर काय खाल्लं रे मी?"

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"नाही, मला आठवत नाहीये म्हणून विचारते. अक्रोड होता म्हणालास."

"ताई, त्या वेळी काहीतरी सांगायला हवं होतं."

"हो ना. काहीतरी सांगायला हवंच होतं." "मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ते का माहितीये?"

"माहितीये," मी म्हणालो. "मला सांभाळून घेतलंस तू."

तिने मान वळवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नको ते बोललो हे मला तिथेच कळलं. "वेडा आहेस का? मी कान ओढताना तू मला पाहिलंस, हे मी पाहिलं. मग तू उठून गेलास. म्हटलं, आता बाईंना बाजूला घेऊन सांगेल. तू आत होतास तोवर माझं ताट संपलं, बाईंनी सहीला पेन काढलं. म्हटलं, जेवण लांबवू. याला अजून थोडा वेळ देऊ. परत आलास तर गप्प. तरी प्रत्येक घासाला वाटायचं, आता उठेल, आता बोलेल." ती खोकली. "आणि उठलास की रे. मला किती बरं वाटलं, सांगू? वाटलं, चला, आपण वाढवलेलं पोर आहे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीचं चाक किरकिरत गेलं. मला काहीतरी फेकून द्यावंसं वाटत होतं, पर्स, खुर्ची, स्वतःला. तिला म्हणावंसं वाटलं, अगं तू ती पोरं पाहिली नाहीस. तुझ्यासारखे शंभरात किती, आणि काड्या झालेली पोरं किती. आणि मग लगेच वाटलं की त्या पोरांतही कुणीतरी कान ओढणारं असेलच, अशा घरात जिथे खिशात पेन नाही, आणि त्याची आई समोर बसून म्हणत असेल, नाटकं करतंय. दोन्ही खरं होतं. दोन्ही खरं असल्याचा मला भयंकर राग आला.

"बारक्या," ताई म्हणाली, आता अगदी मऊ आवाजात, मला ताप असला की बोलायची तसं. "झालं ते झालं. मी मेले नाही. बियाणं अजून गोदामातच आहे ना? उद्या निघणार म्हणालास. आता बाईंना फोन कर. सांग की शिजलेल्या दाण्यावर पुन्हा तपासायचंय. फेकून दे म्हणत नाही मी. थांबव म्हणते. माझ्यासमोर कर."

मी फोन काढला. पडद्यावर बाईंचाच निरोप होता, अभिनंदनाचा, ताईंना आवर्जून नमस्कार सांगा म्हणून. त्याखाली बरेच होते. पुन्हा तपासणी म्हणजे यंदाची पेरणी गेली. म्हणजे शंकेखोर. म्हणजे 'मीठ पुढच्या वाणात' हे वाक्य आयुष्यभर माझ्या मागे फिरणार. म्हणजे डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितल्याचंही बाहेर येणार. अंगठा बाईंच्या नावावर होता. ताई बघत होती, तशीच, पापणी न हलवता.

"थांब जरा, ताई," मी म्हणालो. "बघू."

शब्द तोंडातून गेल्यावर मला तो आवाज ऐकू आला. तिलाही आला असणार, कारण तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूच निघून गेलं आणि तो चेहरा सभ्य झाला, पाहुण्यांसमोर असतो तसा. ती जिभेने कोरडे ओठ ओले करायला लागली. घसा सुकला असणार, मी चटकन उठलो, पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्या ओठांशी नेलं. "घे ताई. पाणी घे."

ताईने पेल्याकडे पाहिलं. मग सुई टोचलेला हात सांभाळत ती कष्टाने पलीकडच्या कुशीवर वळली, तिकडच्या स्टुलावरचा जग ओढला, आणि थोडं चादरीवर सांडत स्वतःच्या हाताने पाणी ओतून घेतलं.